बर्डीवरचा अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार

नाही, मी काही पुढारी व्हाले निघालो नाही. सही मांगतली, केली. बस!

अमरावतीवरून एक वकील पोरगी आली होती. प्रतीक्षा नाव. ग्रामपंचायतीपुढं स्कुटी लावून फोन चारी दिशेले फिरवून राहिली. मी वांगे तोडून घरी चाललो होतो. म्हटलं, बाई, इथं नाही लागत. त्या टेकाडावर, बर्डीवर चढ, पळसाच्या झाडाखाली उभी राहा, तोंड तेल्हाऱ्याकडं कर. ती हासली. म्हने, "काका, मी त्याच्यासाठीच आली."

मंग तिनं सांगतलं. नागपूरच्या अधिवेशनात एक आमदार कायदा मांडनार. ज्या गावात रेंज नाही तिथं सरकारनं ठरलेल्या मुदतीत आनून द्यावी. अन येतवर रेंजपायी कोनाचं काम अडवू नये — कागदावर अंगठा घ्यावा, धान्य द्यावं, पेन्शन द्यावी. कायद्याच्या मागं गावायची यादी लागनार. यादीत नाव असन त्याच गावाले कायदा.

तिनं अर्धा घंटा सांगतलं. मले पाच मिनिटात समजलं होतं.

उत्तमराव सरपंच तिले म्हने, "पयली सही पंजाबरावची घ्या. याच्या तोंडाले लोकं भेतात, मागून सगळे करतीन." म्हनजे माह्या सहीची किंमत एवढीच. ठीक हाय. सहावीपर्यंत शिकलो, सही तरी सरळ येते.

४ नोव्हेंबर

गावातून दोनशे वर सह्या न अंगठे. पोरगी म्हने बॅनर लावून फोटो काढू. म्हटलं, फोटोनं कोनती रेंज येते? नाही काढला.

९ नोव्हेंबर, रविवार

धान्याचा दिवस. धर्मेंद्रचं राशनचं दुकान गावात हाय, पन अंगठ्याची मशीन बर्डीवर. गावात तिच्या पडद्यावर नुसतं चाक गोल गोल फिरते. म्हनून सगळ्यायनं आधी बर्डी चढाची, पळसाखाली अंगठा लावाचा, चिठ्ठी घ्याची, मंग खाली येऊन गहू-तांदूळ. पाच वर्सं झाले. आता कोनाले काही वाटत नाही. पंचायतीनं तिथं सिमेंटचे बाक टाकले. तहसीलवाला आला, डॉक्टर आला, कोनीही सायेब आला तरी आमी बर्डीवरच बसवतो. सायबाचा फोन वाजला पायजे. गावात बसवला त पाच मिनिटात उठून जाते.

लीलाबाईचं आजही झालं नाही. माह्या समोरच्या घरची. आमच्याच माळ्यायची. नवरा जाऊन बारा वर्सं झाले, एक पोरगी, ती सुरतले दिली. झेंडू-शेवंती लावते, हार करते, विकते. तोंड असं की बाजारात तिच्याशी कोनी भाव करत नाही. पन दोन्ही गुडघे गेले.

अर्धी बर्डी चढली अन दगडावर बसली. धर्मेंद्र म्हने, "काकू, खुर्चीत बसा, चौघं मिळून उचलून नेतो."

"मेल्यावर न्याच हाय तुमाले. आता नाही."

मंग धर्मेंद्रनं मशीनच खाली आनली तिच्याजवळ. गोल गोल. तिले दहा पावलं वर घेतलं. गोल गोल. गुडघ्यानं पुढं नाही म्हटलं.

धर्मेंद्र म्हने, "काकू, हा तिसरा महिना. जानेवारी सरेपर्यंत अंगठा नाही लागला त नाव कटन. वरून आलं हाय."

"वरून म्हनजे कोनाकडून?"

"सिस्टिममधून."

"त्याले म्हना खाली ये. मी इथं बसली हाय."

१० नोव्हेंबर

लीलाबाईच्या ओसरीवर ज्वारीचं पोतं ठेवून आलो. घंट्याभरात पोतं माह्या ओसरीवर परत! कोनाकडून उचलवून घेतलं काय मालूम.

म्हने, "भाऊजी, मले कोनाचं नको. माह्या अंगठ्याचं पायजे."

म्हटलं, गहू काय न ज्वारी काय, पोटात गेल्यावर कोनाचा अंगठा दिसते?

"मंग तुमी कावून चढता दर महिन्याले बर्डी? तुमच्या घरी त दोन एकराची ज्वारी हाय."

पोतं आत ओढलं. माह्या हक्काचं हाय म्हनून चढतो. तेच ती म्हनून राहिली.

१६ नोव्हेंबर

डोंगराच्या पायथ्याच्या तीन गावात सह्या घ्याले फिरलो, सायकलवर. प्रतीक्षा स्कुटीवर पुढं, मी मागं. तिले मराठी चांगलं येते पन लोकायशी बोलता येत नाही. "डिजिटल समावेशन" म्हने. लोकं मान हालवतात अन घरात जातात. मंग मीच बोललो.

एक बाई म्हने, माह्याजवळ मोबाईलच नाही, मी कावून सही करू?

"राशन कार्ड हाय?"

"हाय."

"मंग कर."

केली.

एक बुढा — माह्याहून लहानच असन — म्हने, नेट आलं त पोरं बिघडतीन. म्हटलं, तुमचं धाकटं कोनत्या नेटपायी बिघडलं? त्याचा भाऊच हासला. त्या घरातून सात सह्या.

प्रतीक्षा वापस जाताना म्हने, काका, तुमी पयलेपासून या कामात असते त! म्हटलं, पयलेपासून वांग्यात होतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. अमरावती

पहाटची बस. तेल्हारा, अकोट, दर्यापूर, अमरावती. कंबर गेली. आमदार लोकायची समिती बसली होती, एकेका गावाच्या मानसाले बोलाले देत होते. प्रतीक्षानं माह्यासाठी दोन पानं लिहून आनले होते. चष्मा घरी राहिला म्हटलं. चष्मा खिशातच होता. दुसऱ्याचं लिहिलेलं मले वाचता येत नाही, तोंडात बसत नाही.

मधले अध्यक्ष म्हने, "बाबा, तुमच्या गावाला इंटरनेट कशासाठी हवंय?"

म्हटलं, आमाले नाही पायजे. तुमाले पायजे. आमचा अंगठा आमच्याजवळ हाय, रोज येते कामावर. तुमच्या मशीनले रेंज लागते. ते तुमचं बिऱ्हाड आमच्या डोक्यावर. एक त मशीनची सोय करा, नाही त कागद घ्या. आमी कागदाले कधी नाही म्हटलं?

हॉल हासला. मी हासन्यासारखं काही बोललो नव्हतो.

एक अधिकारी उठला. "या तालुक्यात सत्त्याण्णव टक्के कव्हरेज आहे, सर."

"मंग आमी उरलेले तीन," मी म्हटलं.

ठरलं असं — यादीतल्या हरेक गावात तपासनीवाले जातीन, एकदा मोजतीन, पंचनामा करतीन. पंचनाम्यात रेंज नाही निघाली त गाव यादीत पक्कं.

बसस्टँडवर प्रतीक्षानं चहा पाजला. साखर जास्त होती.

२४ नोव्हेंबर

तपासनी परवा बुधवारी. उत्तमराव सरपंचाच्या घरी प्रतीक्षाचा निरोप. आज बर्डीवर जाऊन तिले फोन लावला.

"काका, मी येतेच. पन मी नसली तरी मोजनी पंचायतीच्या दारात करून घ्याची. दारातच! अन पंचनामा वाचूनच सही करा."

हाव हाव म्हटलं. मी काय लेकरू हाय?

२६ नोव्हेंबर, बुधवार

झालं एकदाचं!

उत्तमरावले मांडव टाकाचा होता. शाल-नारळ, रांगोळी, शाळेच्या पोरीचं स्वागतगीत. सगळं बंद करवलं. पंचायतीपुढं चार खुर्च्या अन पान्याची कॅन. सायेब मोजाले येऊन राहिले, नवरदेव म्हनून नाही.

अकराचे म्हनले अन दोनले आले. तिघं होते. आल्याबरोबर मोठा सायेब फोन पाहून तापला. "ऑफिसला कळवायचं कसं? इथं तर काहीच लागत नाही!" म्हटलं त्यासाठीच बोलावलं तुमाले. त्याले ते पटलं नाही. तो गाडीकडं पाहून राहिला. असा आलेला मानूस वापस गेला की सहा महिने तोंड दाखवत नाही, हे मले ठाऊक हाय. म्हटलं, चला सायेब, बर्डीवर चला, तिथं बसू, फोन लागते तिथं.

वर बसवलं बाकावर. भरीत-भाकर वरच मांगवली. चटनी दोनदा घेतली त्यायनं. फोन वाजले, सायेब थंडा झाला. मंग यंत्र काढलं, आकडे पाह्यले, दहा मिनिटात मोजनी आटोपली. छापील कागद होते तीन पानं, पंच म्हनून दोन सह्या पायजे. उत्तमरावची अन माही. मळ्यात तीन वाजता लाईन येनार होती, मोटर लावाची होती. वाचत बसलो असतो त लाईन गेली असती. केली सही.

प्रतीक्षा पाच वाजता पोचली. अकोटजवळ स्कुटी पंचर. म्हटलं, तू ये ना ये, काम झालं. कोनताच तमाशा न करता. ती म्हने, "बरं झालं काका."

पानी भरपूर दिलं वांग्याले.

२७ नोव्हेंबर

वांगे बरे निघाले. भाव बरा नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रतीक्षा पंचनाम्याची नक्कल घेऊन आली. पंचायतीच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचली. पंधरा-वीस लोकं गोळा झाले.

"ठिकाण, मौजे हिवरपाणी. सिग्नल, उत्तम. इंटरनेट सेवा, उपलब्ध. ग्रामस्थांशी चर्चा केली, तक्रार आढळली नाही. पंच क्रमांक एक..."

इथं थांबली.

"काका, ही तुमचीच सही?"

"हाव."

"कुठं मोजलं त्यायनं?"

"बर्डीवर."

"बर्डीवर कोन घेऊन गेलं?"

"मी."

तिनं कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. दोन शब्द बोलली असती त बरं झालं असतं.

उत्तमराव म्हने, "मी त पंजाबरावची सही पाहून केली."

घरी आलो त लीलाबाई दारात झेंडू ओवून राहिली होती. तिच्यापर्यंत पोचलंच होतं. मान वर नाही केली.

"गावोगावच्या सह्या गोळा केल्या भाऊजी, अन आपली एक देऊन टाकली."

जेवलो नाही.

२९ नोव्हेंबर

पाच वर्सं झाले, सायेब आला की बर्डीवर. पाय आपोआप तिकडं वळले. मले कोनी ढकललं नाही.

१ डिसेंबर

धर्मेंद्रच्या दुकानात दोघं-तिघं बोलून राहिले होते. मी आलो, चूप झाले. म्हटलं, बोला ना! एक जन म्हने, "काही नाही तात्या, रेंज उत्तम हाय म्हटलं आपल्या गावात." सगळे हासले. मीठ घेतलं, घरी आलो. मीठ घरात होतंच.

प्रतीक्षाले बर्डीवरून फोन लावला. म्हटलं, त्या समितीपुढं मले पुन्हा उभं कर. म्हने, "काका, ते तुमाले उलटंसुलटं विचारतीन." म्हटलं, विचारू दे. चुकलं कोन, मीच ना?

४ डिसेंबर, गुरुवार. अमरावती

पुन्हा तीच बस, तीच कंबर. या वेळी पानं दिले नाही तिनं.

उभा राहिलो. म्हटलं, हिवरपाणीची रेंज बर्डीवर हाय, गाव बर्डीखाली हाय. सायेबाले बर्डीवर मी नेलं. कागद न वाचता सही मी केली. सजा मले द्या, गावाले यादीतून काढू नका.

तो सत्त्याण्णव टक्केवाला अधिकारी उठलाच. "सर, याच इसमाची सही मागणीवर आहे आणि याच इसमाची सही पंचनाम्यावर आहे. कोणती खरी धरायची?"

म्हटलं, दोन्ही खऱ्या. एक समजून केली, एक घाईत केली.

अध्यक्ष म्हने, "घाई कसली होती बाबा?"

"मोटरीची लाईन येनार होती."

या वेळी कोनी हासलं नाही. मले वाटलं होतं हासतीन.

मंग आपसूक तोंडातून निघालं. म्हटलं, सायेब, मले सही येते म्हनून मले पंच केलं. अंगठेवाला उभा केला असता त बरं होतं. अंगठेवाला आधी विचारते, कागदात काय लिहिलं हाय. आमी सहीवाले विचारत नाही. आमाले लाज वाटते.

अध्यक्षानं लिहून घेतलं. फेरतपासनी करू म्हने. मार्चमध्ये. तेव्हा दुसरी यादी निघन.

मार्च!

बाहेर आलो त प्रतीक्षा डोये पुसून राहिली होती. म्हटलं, रडतेस कावून? बस सुटन. 

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी बर्डीवर बसून राहिलो, ती फोन करनार होती नागपूरवरून. आला. कायदा मांडला म्हने सभागृहात. आजच पास नाही होत, चर्चा पुढच्या अधिवेशनात. यादी जोडली हाय. मी सायकलवर फिरलो ते तिन्ही गाव यादीत हाय. आमचं नाही.

"काका, मांडला गेला हेच लय मोठं हाय. वर्सं लागतात लोकायले."

"हाव. चांगलं झालं." खरंच चांगलं झालं. त्या मोबाईल नसलेल्या बाईचं गाव यादीत हाय.

मंग विचारलं, "पन जानेवारी आधी येते का मार्च?"

तिले लीलाबाईचं ठाऊक हाय. म्हने, मी अर्ज करते.

४ जानेवारी

अर्जाचं उत्तर आलं. चार ओळी. मशीनवर अंगठा लावनं जरुरी हाय, अपवाद करता येत नाही.

लीलाबाईले बसनं तेल्हाऱ्याले नेलं. तिथं दुकानवाला म्हने, बाई, बाहेरच्या कार्डाचं धान्य माह्याकडं सरलं, तुमचं तुमच्या गावच्या दुकानात आलं, तिथंच अंगठा लावा. तिनं त्याले विचारलं, "अंगठा माहा हाय, दुकान सरकारचं हाय, मंग अडचन कोनाची हाय?" त्यानं पुढचं गिऱ्हाईक बोलावलं.

वापस येताना बसमध्ये एक शब्द नाही बोलली. मले तिची भांडनं सोसतात. हे नाही सोसलं.

पुन्हा एकदा म्हटलं, दोन महिने माह्या घरचं घ्या, मार्चात पाहू.

"आज ज्वारी घेतली त उद्या मेहेरबानी घ्याची सवय लागते. मले नाही लावाची."

११ जानेवारी, रविवार

धान्याचा दिवस. लीलाबाई बर्डीच्या खाली दगडावर येऊन बसली. चढली नाही. नुसती बसली.

धर्मेंद्र मशीन घेऊन उतरला. तिच्याजवळ थांबला. त्याचाही जीव तुटते, पन काय करन. म्हने, "काकू, तुमी कार्डावर एकट्या हा, हीच आफत हाय. घरात दुसरं कोनी असतं त त्याच्या एका अंगठ्यावर सगळ्यायचं धान्य निघते."

"दुसरं कोनी म्हनजे कोन चालते?"

"घरचं पायजे. पोरगं, सून, नवरा..."

"अन नाव चढवाले बर्डी लागते का?"

"नाही काकू, ते तहसीलात. तिथं रेंज हाय."

ती उठली अन काठी टेकत घरी गेली. रागानं गेली असं मले वाटलं.

सांजवेळी माह्या दारात उभी. बसा म्हटलं त बसली नाही. उभ्याउभ्या एक गोष्ट विचारली. दोन वाक्यात. तिच्या तोंडावर हासू नव्हतं, मस्करीही नव्हती.

म्हटलं, विचार करून सांगतो.

"विचार कराले तुमी कधी थांबले, भाऊजी?" अन गेली.

१२ जानेवारी

बाजारले उशीर झाला. तीस वर्सांत पयल्यांदा.

१४ जानेवारी

नितेशले बर्डीवरून फोन केला. माहा पोरगा, पुन्याले असते. सगळं सांगतलं. तो काहीच बोलेना. मले वाटलं रेंज गेली. फोन पाह्यला. रेंज होती.

मंग म्हने, "बाबा, लोकं काय म्हनतीन?"

म्हटलं, लोकं बर्डीवर रांगेत उभे असतीन, त्यायले टाईम नाही.

मंग म्हने, आई जाऊन सात वर्सं झाले. म्हटलं, मोजलेले हाय. म्हने, "मी येऊ का?" म्हटलं, ये. पन कोनाले काही घेऊन येऊ नको.

लीलाबाईची पोरगी सुरतवरून फोनवर रडली म्हने. मंग हो म्हटली.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी देवळात दोन मिनिटं. मंग ग्रामसेवकाच्या रजिस्टरात लीलाबाईचं अन माहं लग्न नोंदलं. दुपारी तहसीलात गेलो, तिचं एकटीचं कार्ड बंद झालं, माह्या कार्डावर तिचं नाव चढलं. पुढच्या महिन्यापासून बर्डी मी चढन. धान्य तिच्या हक्काचं येईन.

नुसत्या कार्डासाठीच केलं का, हे कोनी विचारू नये. मी सांगनार नाही. इथंसुद्धा नाही.